२९९ रुपयांच्या विक्रीत हातात उरतं किती?

प्रश्न : आम्ही कळव्याला राहतो. मुलगा ठाण्यात टी.वाय.बी.कॉम.ला आहे. त्याला नोकरी नको, ऑनलाइन माल विकायचा आहे. एका हॉटेलातल्या फुकट सेमिनारला जाऊन आला. तिथे २५,००० रुपयांच्या कोर्ससोबत 'हमखास चालणाऱ्या वस्तूंची यादी' देतात म्हणे. त्यातला मोबाइल स्टँड त्याने पक्का केलाय. मशीद बंदरला ९० रुपयांना मिळतो, ऑनलाइन २९९ला जातो, म्हणजे नगामागे २०९ सुटतात, असा त्याचा हिशोब. ७०,००० रुपयांची एफडी मोडून द्या म्हणतोय. जीएसटी काढावा लागेल का? एजंट नुसत्या उद्यम नोंदणीचे (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) १,५०० मागतोय. आणि कोणता माल घ्यावा, तेही सांगा. – एक आई

उत्तर : ताई, मुलगा धंदा करू म्हणतोय, त्यात बिघडलं काहीच नाही. पण एफडी मोडू नका, आणि कोर्सचे २५,००० तर अजिबात भरू नका. त्या हॉलमध्ये जेवढी मुलं बसली होती, तेवढ्यांच्या हातात तीच यादी पडणार. सगळी त्याच बाजारात जाणार, तोच स्टँड आणणार आणि एकमेकांपेक्षा पाच-पाच रुपये कमी लावत बसणार. यादी विकणाऱ्याचा धंदा मात्र हमखास चालतो!

आता तो २०९चा हिशोब. मुलगा कॉमर्सचा आहे, तेव्हा वही त्याच्याच हातात द्या. २९९ ही करासकट किंमत. जीएसटी नोंदणी घेतली आणि १८ टक्के कर धरला तर ४६ रुपये सरकारचे, उरले २५३. खरेदीचे ९० गेले. पक्कं बिल आणलं नसेल तर त्यावरच्या कराची वजावटही मिळणार नाही. पोर्टलचं कमिशन, ठरावीक फी आणि शिपिंग मिळून समजा ९५. पॅकिंग १०. नवीन माल वर दिसावा म्हणून जाहिरात करावीच लागते, तिचे नगामागे २५. राहिले ३३.

इथेच थांबता आलं असतं तरी बरं होतं. पण दहातल्या दोन ऑर्डरी परत आल्या असं धरा. कॅश ऑन डिलिव्हरीत तर गिऱ्हाईक दारातूनच पार्सल परत पाठवतं, त्याला या धंद्यात आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. माल धडधाकट परत आला तरी भाडं, पॅकिंग आणि जाहिरात धरून नगामागे १०० रुपये गेले. आठ विक्रींचे २६४, त्यातून दोन रिटर्नचे २०० वजा. दहा ऑर्डरी पॅक करून, टेप लावून, पिकअपवाल्याची वाट बघून हातात ६४ रुपये. नगाला साडेसहासुद्धा नाहीत. खर्चाचे हे आकडे मी उदाहरणापुरते धरलेत. खरे दर पोर्टलच्या रेट कार्डात असतात. मुलाने ते घालून बेरीज-वजाबाकी पुन्हा करावी. काही पोर्टलवर कमिशन शून्य असतं, पण म्हणून शिपिंग आणि रिटर्न शून्य होत नाहीत.

म्हणून 'कोणता माल चालतो' हा प्रश्न मी दुसऱ्या बाजूने विचारीन : कोणता माल परत कमी येतो आणि पाठवायला स्वस्त पडतो? कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायचं. ३० बाय २० बाय २०चं खोकं म्हणजे २.४ किलो, मग आत अर्ध्या किलोचा टेबल लॅम्प का असेना. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त त्याचं भाडं लागतं. फुटणारं, चार्जिंगचं, मापाचे कपडे आणि चपला पहिल्या वर्षी नकोतच. सपाट घडी होणारं, न तुटणारं, ज्यात 'बसलं नाही' हा प्रश्नच येत नाही, असं काहीतरी शोधावं.

शोधायचं कसं, तर रिव्ह्यू वाचून. पाच स्टारवाले सोडा, एक स्टारवाले बहुतेक कुरिअरवर चिडलेले असतात. दोन आणि तीन स्टारवाल्यांनी वस्तू वापरलेली असते आणि नेमकं काय खटकलं ते लिहिलेलं असतं. साडी कव्हर घ्या. तक्रारी कशा येतात? चेन पहिल्याच आठवड्यात तुटली. प्लास्टिकचा वास साडीला लागला. बारा साड्या लिहिलंय, मावतात सहा. कोणीतरी लिहितं, की पैठणीचे जरीकाठ काळे पडले. आपल्या घरात पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवतात ते उगाच नाही. मग मलमलची, नाडीची, एका साडीची पिशवी का नको? कापडाला भिवंडी आहे, शिवणारे उल्हासनगरला आहेत आणि कळव्याहून दोन्हीकडे सकाळी जाऊन दुपारी घरी येता येतं. हेच विका असं माझं म्हणणं नाही. अशी पिशवी विकणारे आज किती आहेत, पहिल्या पानावर हजारो रिव्ह्यूंचे जुने ब्रँडच बसलेत की पन्नास-शंभर रिव्ह्यूवाला नवखाही दिसतो, हे मुलाने स्वतः बघायचं. नवखे दिसत असतील तर शिरायला जागा आहे.

पोर्टलच्या सर्चमध्ये दोन शब्द लिहून थांबलं की खाली सूचना येतात. लोक काय शोधतात ते तिथे फुकट कळतं. बेस्टसेलरची यादीही बघावी, पण त्यातला क्रमांक म्हणजे विक्रीचा आकडा नव्हे. छोट्या गटातला पहिला नंबर थोड्या विक्रीवरही येतो. गूगल ट्रेंड्सवर लोक ती वस्तू कधी किती शोधतात, त्याचा पाच वर्षांचा आलेख काढावा. मोदकाचा साचा गणपतीच्या तोंडावर वर चढतो आणि विसर्जनानंतर झोपतो. शिवाय सण पंचांगाने हलतात : २०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टला, २०२६ची १४ सप्टेंबरला. मागच्या वर्षीची तारीख धरून माल भरला तर अठरा दिवसांनी अंदाज चुकतो, आणि चतुर्थीनंतर उरलेला साचा पुढच्या गणपतीपर्यंत माळ्यावर. हिलियम टेन, जंगल स्काउट यांसारखी पैसे घेणारी सॉफ्टवेअरं विक्रीचे अंदाज देतात. तीस नग विकणाऱ्याला त्यांची गरज नाही.

काही वस्तूंना हात लावू नये. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, त्यामुळे घाऊक बाजारातली बिनमार्काची खेळणी बाद. घरी बनवलेल्या साबणाला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो, खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना. मोठ्या ब्रँडचा लोगो छापलेली कव्हरं तर नकोच नको.

जीएसटीचं असं आहे : १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात पोर्टलवर माल विकायला पूर्ण नोंदणीची सक्ती नाही, जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घेतला की चालतं. महाराष्ट्राबाहेर एक पार्सल पाठवायचं म्हटलं तरी नोंदणी हवी. सुरुवातीला राज्यापुरतं विकावं. पैठणीच्या पिशवीला गिऱ्हाईक इथेच आहे.

पैसे द्यायचेच तर १५,००० द्या. त्यात आधी पाच-सहा नमुने, ते घरी वापरून, धुऊन, ओढून बघायचे. मग तीस-चाळीस नगांचा लॉट. मावशीने आणि आत्याने घेतलेले नग विक्रीत धरू नका, त्या काहीही घेतील. लॉट अनोळखी गिऱ्हाइकांना विकून, रिटर्न वजा जाता पैसे उरले, तर दुसऱ्या लॉटचं बोलू.

आणि हे त्याला वाचून दाखवा. अरे, सहाव्या सेमिस्टरची परीक्षा झाली की वागळे इस्टेट, तुर्भे किंवा भिवंडीच्या एखाद्या ऑनलाइन विक्रेत्याकडे तीन-चार महिने काम कर. कॅटलॉग, लिस्टिंग, अकाउंट सांभाळणं, ही नोकरीचीच कामं आहेत. तिथे रिटर्नच्या गोण्या उघडायचं काम मागून घे. ते सहसा कोणाला नको असतं, त्यामुळे लगेच मिळेल. कुठला माल का परत येतो, कशाचं झाकण वाटेत निघतं, कोणता रंग फोटोत वेगळा दिसतो, रिकामी खोकी कोण परत पाठवतं, हे त्या गोण्यांत दिसतं. शिवाय महिन्याच्या शेवटी पगार मिळेल, तोच तुझ्या दुसऱ्या लॉटचं भांडवल.

राहिला एजंट. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते आणि तिला एक पैसा लागत नाही. ते १,५०० पहिल्या लॉटच्या पॅकिंगला ठेवा.