सगळेच ‘वा!’ म्हणतात तेव्हा

प्रश्न : विश्रामबागेत आमचा वाचकगट आहे. गटप्रमुख निवृत्त प्राध्यापक. त्यांनी पुस्तकाला ‘थोर’ म्हटलं की सगळे माना डोलावतात. मागची कादंबरी मला रटाळ वाटली, पण गप्प बसले. माझंच वाचन कमी पडतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, वाचन कमी पडत नाही. सरांना आधी बोलू देता, तिथंच घोळ आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गटात बसवून साध्या रेषांची लांबी ओळखायला दिली. गटात खरा परीक्षार्थी एकच; बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा सुमारे तीन चतुर्थांश परीक्षार्थींनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्या सुरात सूर मिसळला. रेषेची ही गत, मग कादंबरीचं काय! पण एकानं जरी खरं सांगितलं, किंवा उत्तर कागदावर लिहायला दिलं, की हा प्रकार बराच घटला.

म्हणून पुढच्या बैठकीत चर्चेआधी प्रत्येकीनं, प्रत्येकानं दोन ओळी चिठ्ठीवर लिहाव्यात. सर शेवटी बोलतील. (रुसले तर चहा पाजा.)

आणि नॉर्वेच्या नाटककार इब्सेनचं १८८२ चं ‘एनिमी ऑफ द पीपल’ वाचायला घ्या. सांगलीकरांना नाटक वाचा म्हणून सांगायला नको. गावाच्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे असं सांगणाऱ्या डॉक्टरला भरसभेत लोकशत्रू ठरवतात. मात्र बहुमत नेहमी चुकतंच, हा त्याचा हेका मला पटत नाही. तुम्हाला पटला, तर तसं चिठ्ठीत लिहा.