तुझ्या कथेतल्या त्या मुलीबद्दल

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझी कथा दोनदा वाचली. संवाद फार चांगले उतरलेत. पण ती मुलगी वर्गात सगळ्यांसमोर स्वतःच जखमी केलेला हात पुढे करते तिथे मी अडखळलो. तिची मैत्रीण लगेच म्हणते, “लक्ष वेधून घ्यायची नाटकं आहेत.” लोक असं बोलतात, तेव्हा ते वाक्य असायला माझी हरकत नाही. पण पुढे ते कुठेच खोटं पडत नाही. कथाच मैत्रिणीच्या बाजूने बोलू लागते.

स्वतःला इजा करणारी बहुतेक माणसं ती गोष्ट जिवाच्या आकांताने लपवतात. घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो. जखमेचं खोटं कारण शोधायचं, सांगायचं, काय सांगितलं ते ध्यानात ठेवायचं, यातच माणूस थकून जातो. तो थकवा तुझ्या कथेत यायला हवा होता. आणि समजा, कुणाला आपलं दुःख दिसावं म्हणूनच एखाद्याने ते केलं, तरी त्यात हिणवण्यासारखं काय आहे? शब्द सापडले नाहीत म्हणून त्याने तशी हाक मारली. त्या हाकेला नाटक म्हटलं की तो पुन्हा हाक मारत नाही. मला तर ‘लक्ष वेधणं’ हा शब्दप्रयोगच निर्दय वाटतो.

मग माणूस असं का करतो? मनात दाटलेलं सोसवेना झालं की ते घटकाभर तरी उतरावं म्हणून. कधी सगळं बधिर झालेलं असताना काहीतरी जाणवावं म्हणून. काहींना स्वतःला शिक्षा करायची असते. सुटका थोडाच वेळ टिकते, मागून लाज येते आणि ती लाजच पुन्हा तिकडे ढकलते. दर वेळी मरायचंच असतं असं नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या आवृत्तीत आत्महत्येचा हेतू नसलेली इजा वेगळी नोंदवली आहे, आणखी अभ्यास हवा असं म्हणून. पण अशा माणसांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही तितकंच खरं. म्हणून ‘मरायलाच निघाली होती’ हे जसं चूक, तसं ‘त्यात काय एवढं’ हेही चूक.

आणि कथांमध्ये ही व्यक्ती नेहमी नाजूक, कविता करणारी, सोळा वर्षांची मुलगीच का असते? मुलगेही हे करतात, चाळिशीतली माणसंही करतात. मुलाने स्वतःला दुखवलं की आपण त्याला तापट म्हणून मोकळे होतो.

सगळ्यात खुपला तो शेवट. तो मुलगा तिच्या व्रणांवर ओठ टेकवतो आणि ती बरी होते. हे वाचणारी एखादी मुलगी अशा कुणाची तरी वाट पाहत राहील. तो भेटूनही पुन्हा तसं घडलं, तर आपण प्रेमालाही पात्र नाही असं तिला वाटेल, आणि तो मुलगा स्वतःला दोष देईल. बरं होणं मागेपुढे होत घडतं. ते शिकावं लागतं. मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशाच रुग्णांसाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी घडवली. भावनेचा लोंढा आला की स्वतःला न दुखवता तो कसा निभवायचा, याचा या उपचारात सराव करून घेतात. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करत होतो, हे लिनेहानबाईंनी २०११ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जाहीर सांगितलं. तुझ्या नायिकेलाही असं पुढचं आयुष्य असू शकतं, याचा विचार कर.

कशाने, कुठे, कसं, हे सगळं काढून टाक. वाचकांत कुणीतरी त्याच काठावर उभं असतं आणि तुझा तपशील त्याच्या हातात पडतो. आत्महत्येच्या चित्रणाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपट-नाटकवाल्यांसाठी २०१९ साली पुस्तिका काढली. कृती आणि साधन दाखवू नका, असं तीही सांगते.

आता कथेबाहेरचं विचारतो. यातलं काही तुझं स्वतःचं असेल, तर कथा राहू दे, आधी मला सांग. मी रागावणार नाही, उपदेशही करणार नाही. डॉक्टरांकडे जायचं असेल तर सोबत येईन.

तसं नसेल, तर वर्गातला प्रसंग पुन्हा लिही. या वेळी तिला हात पुढे करायला लावू नकोस. काहीतरी बिनसलंय, एवढंच मैत्रिणीच्या ध्यानात येऊ दे, आणि तिला शेजारी बसून राहू दे.

तुझा,
सर