लाकडावरचा बाहेरचा बॉयलर तापला की प्रेशर 1 वरून 3 बारवर जातं, सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो आणि गार झाल्यावर काटा शून्यावर येतो. काय बिघडलंय?

बहुतेक एक्स्पान्शन टँकची (तापून फुगलेलं पाणी सामावणारी टाकी, आत रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा) हवा गेली आहे किंवा तो पडदा फाटला आहे. बॉयलर उघडू नका. इंदूरला सांवेर रोडवर हीच कामं करतो, तिथे ही तक्रार नेहमीची. 500 लिटर पाणी 20 वरून 80 अंशांवर गेलं की 13-14 लिटर जास्त जागा मागतं. ती टँकमधल्या हवेनं दबून द्यायची. हवाच नाही, म्हणून व्हॉल्व्ह पाणी फेकतो आणि गार झाल्यावर तेवढंच कमी पडतं. घरच्या बंबाला ही भानगड नाही, तो वरून उघडाच.

टँकची हवेची पिन दाबून बघा. पाणी आलं तर पडदा फाटला, टँक बदला. नुसती हवा आली तर विस्तव पूर्ण विझवून, पाणी गार करून, टँकच्या बाजूचं पाण्याचं प्रेशर शून्यावर आणा आणि मगच सायकलच्या पंपानं हवा भरा, गार पाण्याच्या प्रेशरपेक्षा थोडी कमी. पाणी सोडल्याशिवाय मोजलेला आकडा खोटा असतो.

मात्र भट्टी पेटलेली नसतानाही काटा चढत असेल तर टँकचा दोष नाही, पाणी भरायचा व्हॉल्व्ह आतून पास होतोय, म्हणजे बंद असूनही पाणी आत सोडतोय. आणि गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हला प्लग मारू नका. गॅससारखी लाकडं एका क्षणात विझत नाहीत, त्यामुळे प्रेशर चढतच राहतं आणि त्याला वाट उरत नाही.