थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच अचानक ०.२ आला? आधी केसांच्या गोळीची पट्टी उलटून बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली: जुना सोरायसिस (त्वचेवर खपल्या धरणारा आजार), जोडीला हाशिमोटो (थायरॉइड मंदावणारा आजार), टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारं, जास्त झाला की घटणारं हार्मोन) ६.८ वरून एकदम ०.२, म्हणून थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, ७५ वरून ५० मायक्रोग्रॅमवर आणलं आणि आता थकवा, केसगळती, कोपरांवर परत खपल्या. वाचताना माझीच फाइल उघडल्यासारखं वाटलं. हे दोन्ही आजार एकाच माणसात बरेचदा सापडतात, ते आता तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही शेवटी जाता जाता ‘केसांसाठी बायोटिन चालू आहे’ लिहिलंय, घोळ बहुतेक त्या जीवनसत्त्वाच्या गोळीत आहे.

पट्टीवर ५ किंवा १० मिलिग्रॅम छापलेलं असेल. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम! कित्येक लॅबच्या टीएसएच चाचणीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तातलं जादा बायोटिन त्यात लुडबुड करतं आणि टीएसएच खोटा कमी, फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) खोटा जास्त दिसतो. कागदावर हायपर (थायरॉइड जास्त), अंगात हायपो (थायरॉइड कमी). नाडी ६०, बद्धकोष्ठ, पुण्याच्या उकाड्यातही थंडी वाजतेय आणि रिपोर्ट म्हणतो डोस जास्त झाला, तर रिपोर्टवर शंका घ्यायचीच.

माझा डोस अशा रिपोर्टवर दोनदा कमी झाला. सॅम्पल घेताना ‘उपाशी आहात ना?’ एवढंच विचारतात, टीएसएचला त्याची गरजही नसते. बायोटिनचं कोणी विचारत नाही. लॅबला फोन केला तर ‘मशीन बरोबर आहे’ हेच पालुपद. मशीन बरोबरच होतं हो, प्रश्न विचारायचा राहिला होता! याचा राग अजून येतो.

बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवून तपासणी करा. १० मिलिग्रॅमवर असाल तर मी आठवडाभर म्हणेन. मल्टिव्हिटॅमिनही तपासा. त्या सकाळची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्या. डोस मनाने वाढवू नका, मी डॉक्टर नाही. पट्टी घेऊनच डॉक्टरांकडे जा. डोस बदलला तर पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी.

आणखी एक. ‘हायपर’ समजून धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं, तर सोरायसिस असल्याचं तिथल्या तिथे सांगा, त्या गोळीने तो भडकू शकतो. नुसत्या नडग्या कोरड्या पडून भुरभुरत असतील तर ते हायपोचंही असू शकतं. लाल कडेची जाड चंदेरी खपली मात्र स्किनवाल्यांनाच दाखवा. आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉक्सिननंतर चार तासांनीच.