काटकसरीने माणूस खरंच सुखी होतो का?

होतो, पण खात्यातला आकडा फुगला म्हणून नाही. घोर कमी होतो म्हणून. नोकरी गेली किंवा घरात कुणी आजारी पडलं, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलेल्याला कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत. उलट क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, आणि ते झोप उडवतं. माझ्या मते आधी ते फेडणं हीच सगळ्यात मोठी बचत.

दुसरी बाजूही आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली काही लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्चायला सांगितले. दुसऱ्यासाठी खर्च करणारे स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी निघाले. रक्कम ५ की २०, याने फरक पडला नाही. बचत करताना हा आनंदच कापला तर उरतो तो नुसता चिक्कूपणा, आणि त्याने घरचेही कष्टी होतात.

पगार झाला की आरडीचा हप्ता आधी जाऊ द्या. न वापरलेली सबस्क्रिप्शनं बिनधास्त बंद करा. पण आईचा चष्मा, मुलांची सहल, मित्राच्या अडचणीला मदत, इथे हात आखडू नका.