दुसरं येतंय आणि मोठं बिथरलंय

दुसऱ्यांदा दिवस गेलेली बाई माझ्याकडे समुपदेशनाला आली की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न येतोच, मोठ्याला समजावू कसं. कुणी म्हणतं तो फार हट्टी झालाय, कुणी म्हणतं ती परत बाटली मागायला लागलीये, पण मनातली धास्ती एकच, की आपण ह्या पहिल्यावर अन्याय तर करत नाही ना.

गणपती उरकल्यावर एक आई आली होती, तिची गोष्ट सांगते. परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. सहावा महिना, नोकरी चालू, मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा, घरी त्याला पिल्लू म्हणतात तर मीही तेच लिहिते. तक्रारी तिने मोबाईलमध्ये टाईप करूनच आणल्या होत्या. रात्री अंथरूण ओलं करणं कधीच बंद झालं होतं ते परत सुरू. बाबांच्या हातून दात घासून घेत नाही. आईच्या पोटावर एकदा गुद्दा मारला. आणि प्लेग्रुपच्या टीचरनी कौतुकाने विचारलं, तुमच्याकडे बाळ येणार ना, तर म्हणाला, "नाही, कॅन्सल झालं." हे सांगताना ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. "मॅडम, मी तर तिसऱ्या महिन्यापासून सांगतेय हो त्याला, व्हिडिओ दाखवले, पुस्तकं आणली, पोटाला कान लावायला देते, अजून काय करू? दुसरं घ्यायलाच नको होतं का?"

मी म्हटलं समजावायचं जरा बाजूला ठेवा, मला त्याचा दिवस सांगा, सकाळी डोळे उघडतो तिथपासून.

तर डोळे उघडतो आजीच्या खोलीत. आधी आईबाबांच्या मधे झोपायचा, पण झोपेत लाथा मारतो, बाळाला लागेल म्हणून दोन महिन्यांपूर्वी आजीकडे पाठवला. प्लेग्रुपला आधी आईच्या स्कूटीवर पुढे उभा राहून जायचा (हा मुळातच धोक्याचा प्रकार, पण तो विषय वेगळा), आता व्हॅन, कारण स्कूटीवर बाळाला धक्के बसतात. संध्याकाळी आई ऑफिसमधून आली की दारातच कडेवर घ्यायची, ते बंद, बाळाला लागेल. रात्रीची दुधाची बाटली बंद, कारण आता बाळ बाटलीने पिणार, तू मोठा झालास ना. सांगता सांगता तिचं तिलाच ऐकू यायला लागलं बहुतेक, आवाज हळू झाला. मग ती म्हणाली, अजून एक आहे. सासूबाईंनी माळ्यावरून पाळणा काढला, आणि पिल्लूची लहानपणीची झबली-टोपडी धुवून बाल्कनीत वाळत घातली. पिल्लूने स्टूल ओढत नेलं, दोरीवरचं एक झबलं खेचून काढलं आणि डोक्यात घालायचा प्रयत्न करत बसला, ते कपाळापाशीच अडकलं, आणि तसाच, तोंड अर्धं झाकलेला, घरभर "हे माझंय, हे माझंय" करत फिरला. सगळे हसले. त्याच रात्री गादी ओली झाली.

आता बघा, ह्या मुलाला बाळ म्हणजे काय हे कळलं नव्हतं असं अजिबात नाही. त्याला व्यवस्थित कळलं होतं. जन्माला यायच्या आधीच ज्याने माझी जागा, माझी बाटली, माझी कड आणि माझे कपडे घेतले तो म्हणजे बाळ. त्यावर आपण वरून व्हिडिओ दाखवतो की दादा होणं किती मस्त असतं. माझं स्पष्ट मत आहे की अशा घरात समजावणं कमी करावं लागतं, वाढवावं लागत नाही, आणि बाळाच्या नावावर मोठ्याकडून काहीही काढून घ्यायचं नाही. काढावं लागलंच तर कारण दुसरं सांगा, आणि शक्यतो खरं सांगा. "माझी कंबर दुखतेय, मी खाली बसते, तू मांडीवर ये" ह्यात खोटं काहीच नाही.

कडेवर घ्यायचं नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय का, असं मी विचारलं तर कुणीच विचारलं नव्हतं, घरात आपलं आपणच ठरलेलं. काही जणींना खरंच मनाई असते, वार (प्लॅसेंटा) खाली असते, रक्तस्राव झालेला असतो, पिशवीला टाका घातलेला असतो, तेव्हा ऐकावंच लागतं. म्हणून हे आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं, शेजारच्या काकूंना नाही. हिला डॉक्टर म्हणाल्या, उभ्याने वजन उचलू नका, बसून मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. संपलं. मग दारातला कार्यक्रम सोफ्यावर हलवला, आली की पर्स ठेवायची, बसायचं, आणि पिल्लूने चढायचं.

पुढच्या सेशनला नवरा आणि सासूबाई दोघं आले. सासूबाई आल्या आल्या म्हणाल्या, आमच्या वेळी एकेकीला चार-चार मुलं व्हायची, कुणी केलं होतं समुपदेशन? मला हा प्रश्न आवडतो, त्यात तथ्य आहे. पण त्या घरांत काकू होती, आत्या होती, चुलत भावंडांचा घोळका होता, आईची मांडी गेली तर दुसऱ्या दोन तयार असायच्या. टू बीएचकेमध्ये दुपारभर एकट्या आजी, त्यांचेही गुडघे दुखतात, त्या तरी किती पुरणार. हे म्हटल्यावर त्या जरा सैल झाल्या आणि मग त्यांनीच सांगितलं की बिल्डिंगमधले लोक पिल्लूला फार पिडतात. आता तुझी मजा संपली, आई आता बाळाला घेणार, तुला देऊन टाकू का बोहारणीला. गंमत म्हणून बोलतात हो लोक, पण साडेतीन वर्षांच्या मुलाला गंमत आणि बातमी ह्यातला फरक कळत नाही. मी आजींना एकच काम दिलं, असं कुणी बोललं की तिथल्या तिथे, हसत पण मोठ्याने म्हणायचं, "आमचा पिल्लू कुठे जात नाही." त्यांनी ते काम फारच मनावर घेतलं असं नंतर कळलं, लिफ्टमध्ये एका आजोबांशी वाजलंसुद्धा.

दुसरा त्रास म्हणजे भाऊ हवा की बहीण. लहान मुलाच्या तोंडून खरं निघतं म्हणून जो तो विचारतो, आणि उत्तर आलं की मोठ्यांचे चेहरे कसे होतात ते मूल बघतं. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ सालचा आहे, सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाटी असते, आणि घरात मात्र आपण तेच काम एका बालवाडीतल्या पोराकडून करून घेतो! डोहाळजेवणात पेढा की बर्फी झाल्यावर एका मावशीने पिल्लूला विचारलंच, तर म्हणाला मला कुत्रा हवाय. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही.

अंथरुणाबद्दल. पाच वर्षांच्या आत रात्री शू होणं ह्याला आजार म्हणत नाहीत. पण बंद झालेलं परत सुरू झालं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून लघवी एकदा तपासून घ्यावी, जळजळ, ताप, किंवा मूल एकदम खूप पाणी प्यायला लागलं असेल तर लगेचच. पिल्लूचा रिपोर्ट नॉर्मल आला. मग गादीखाली रबरी शीट, रात्री झोपताना शू, आणि सकाळी कुणी एक शब्द बोलायचं नाही, "एवढा मोठा झालास" तर अजिबात नाही. त्याची छोटी गादी परत आईबाबांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाला लागून जमिनीवर. लाथांचा प्रश्नही मिटला.

बाबांचं काम सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि ते सगळ्यात नाराजीने सुरू झालं. बाळंतपणानंतर निदान सवा महिना तरी आई मोठ्याला पुरी पडणार नाही हे उघड आहे, तर तेव्हा अचानक बाबांच्या ताब्यात देण्यापेक्षा आतापासून एक गोष्ट बाबांची ठरवा असं मी म्हटलं. दात घासण्यावरून आधीच भांडण होतं म्हणून ते सोडलं आणि संध्याकाळची आंघोळ निवडली. पहिले काही दिवस पिल्लू "आई पाहिजे" म्हणून किंचाळायचा आणि ही बाहेर उभी राहून रडायची, मग बाबांनी बादलीत डबे-गाळण्या नेल्या आणि ते दोघं अर्धा-अर्धा तास बाहेरच येईनात. आईने रजेचंही गणित बदललं. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे मिळतात आणि त्यातले ८ पर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, ही सगळीच्या सगळी नंतरसाठी राखून ठेवणार होती, त्यातले थोडे आधी घेतले, दुपारी पिल्लूला व्हॅनमधून उतरवून घ्यायला.

बाळ कधी येणार ह्याचं उत्तर जानेवारी असं देऊ नका, त्यांना जानेवारी कळत नाही. आधी किल्ला करायचा, मग फटाके, मग स्वेटर काढायचे, मग तिळगूळ, आणि त्याच्या आसपास बाळ, असं सांगितलं की अंदाज येतो. आई हॉस्पिटलमध्ये असेल तेव्हा रात्री तुझ्याजवळ कोण झोपणार हेही आधी सांगायचं, मुलांना बाळापेक्षा ह्या प्रश्नाची जास्त भीती असते. पहिल्या भेटीत बाळ पाळण्यात ठेवा, आईचे हात मोकळे हवेत. बाळाने दादासाठी गिफ्ट आणलं असं सांगायची हल्ली पद्धत आहे, मला ती फारशी पटत नाही, पण कुणी करत असेल तर भांडणार नाही.

तर पिल्लूला बहीण झाली. फेब्रुवारीत त्याच्या आईचा फोन आला, की पिल्लू बरा आहे, पण मी पाजायला बसले की हमखास काहीतरी सांडतो. हे अपेक्षितच होतं. जुडी डन आणि कॅरल केंड्रिक ह्या दोन संशोधकांनी इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ४० घरांत जाऊन दुसरं मूल झाल्यावर पहिल्याचं काय होतं ते बघितलं होतं, १९८२ साली ते प्रसिद्ध झालं, त्यात आई बाळात गुंतलेली असताना मोठ्याचा खोडकरपणा वाढतो हे दिसलंच, आणि दुसरं एक मला फार उपयोगी वाटतं ते असं की ज्या आया नवीन बाळाबद्दल त्याला काय हवंय, त्याला काय वाटतंय असं मोठ्याशी बोलायच्या त्या घरांत पुढे भावंडांचं जास्त जमलं. म्हणून मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पाजायच्या जागी एक डबा ठेवा, कुरमुरे, स्टिकर, जुन्या चाव्या, जो फक्त तेव्हाच उघडायचा. आणि "बाळाला हात लावू नको" च्या जागी कधीतरी त्यालाच विचारा, ही का रडत असेल रे? पिल्लूचं पहिलं उत्तर होतं, "तिला घरी जायचंय." त्याला रागावू नका म्हटलं, तेही उत्तरच आहे. मात्र दोघांना खोलीत एकटं सोडायचं नाही, चिमटा काढायला एक सेकंद पुरतो आणि त्याने तो एकदा काढलाही.

राहिला तिचा तो प्रश्न, दुसरं घ्यायलाच नको होतं का. तो मी प्रत्येक फोनवर परत विचारून घेतला, कारण बाळंतपणानंतर हाच विचार दोन आठवडे हटत नसेल, झोप लागत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तो मोठ्या मुलाचा प्रश्न उरत नाही, आईने स्वतः डॉक्टरांना दाखवायला हवं. तिच्या बाबतीत तसं झालं नाही. शेवटच्या फोनवर तिने एवढंच विचारलं की पिल्लूला आता परत आजीकडे झोपवू का, मी म्हटलं उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबा, आणि तेव्हाही आधी दुपारच्या झोपेपासून सुरुवात करा.