मावशीला विचारा : भावाला सही पाहिजे आणि त्याला उत्तर

प्रश्न : मावशी नमस्कार. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बाबा झोपलेत तर लिहून टाकते, लांबलं तर कापा. मी ३८ वर्षांची, गाव बेळगाव तालुक्यातच पश्चिमेकडं, नाव छापू नका, तुमचं मासिक आमच्या गल्लीत येतं. लग्न होऊन पुण्यात होते. मारहाण वगैरे काही नव्हतं खरं दोघं दोन खोल्यांत राहायचो आणि दुधाचे पैसे कुणी दिले ते वहीत लिहून ठेवायचो, असलं ते घर. मूल नाही. शेवटी दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज केलाय, पहिली तारीख झाली, दुसरी व्हायचीय. तेवढ्यात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऑफिसनं घरून काम करायला परवानगी दिली म्हणून मी इथं आले.

बाबांना पाणी पाहिजे म्हणून सांगता येत नाही, माझं नाव घेता येत नाही, खरं संध्याकाळी आई हरिपाठ म्हणायला बसली की तिच्याबरोबर ओळीच्या ओळी म्हणतात. आई म्हणते माउलीची कृपा, वैनी म्हणते नाटक.

घरात दादा, वैनी, त्यांची पोरं. जमीन चार एकर, पणजोबांपासनं चालत आलेली, भात आणि रताळी होतात. शिवाय रस्त्याकडंला एक प्लॉट आहे तो बाबांनी नोकरीच्या पैशातनं घेतलेला. मी आल्या आल्या दादानं हक्कसोडाचा विषय काढला. म्हणतो तुझं पुण्यात आहे की सगळं, एकदा सही करून टाक, मग तुझं बाकीचं काय ते बघू.

आता हे "बाकीचं" सांगते. कॉलेजला असताना एकजण होता. ते लिंगायत, घरात कानडी, आम्ही मराठा. टिळकवाडीत रेल्वेच्या दुसऱ्या गेटला मुद्दाम गाडी येईपर्यंत थांबायचो, तेवढंच बोलायला मिळायचं. २००७ साली घरात कळलं, दादा त्याच्या घरी जाऊन तमाशा करून आला, त्यानंतर त्याचा फोन काय आला नाही आणि दोन महिन्यांत माझं लग्न ठरलं, असो. आता त्याचं शहापुरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, बायको कोरोनात गेली, ११ वर्षांची मुलगी आहे, आई आहे. बाबांच्या गोळ्या आणायला गेलते तर मेडिकलच्या लाईनीत माझ्या पुढं तोच. तेव्हापासनं व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी फिरायला जातो, एवढंच, बाकी काही नाही. तो म्हणतो तू फक्त हो म्हण, बाकी मी बघतो.

दादाला कुणीतरी सांगितलं. दादा महाराष्ट्र एकीकरण समितीत आहे, १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीत पुढं असतो, तो म्हणाला आमची जमीन कानड्याच्या घरात जाऊ देणार नाही. आणि मावशी, आमच्या विहिरीवरची मोटार हाच दादा दोनदा त्याच्याच दुकानातनं वाइंडिंग करून घेऊन आलाय! आई म्हणते, मी मेलो तरी चालेल खरं घर फोडू नको. सही करून टाकली तर निदान दादा गप्प बसेल असं वाटतंय. करू का? आणि पुण्याच्या नवऱ्याला कळलं तर तो माझ्यावर केस घालू शकतो का? आणि या वयात हे असलं मनात येणं म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय का?

उत्तर : पत्र फारसं कापलं नाही गं, थोडी नावं तेवढी काढली.

आधी बाबांचं, कारण तुमच्या घरात सगळ्यात मोठा गैरसमज तिथं चाललाय. ते नाटक करत नाहीयेत. माणसाची उजवी बाजू जाते तेव्हा मार मेंदूच्या डाव्या भागाला बसलेला असतो आणि बऱ्याच जणांची भाषा तिथंच असते. त्यामुळं स्वतःहून नवीन वाक्य जुळवायला गेलं की अडतं, पण आयुष्यभर रोज म्हटलेलं, पाठ झालेलं, चालीतलं, ते कितीतरी पेशंटच्या तोंडून सरळ बाहेर येतं. आकडे, वार, आरत्या, हरिपाठ. स्पीच थेरपीवाले याचाच धागा धरून पुढं शब्द काढून घेतात, आणि झटक्यानंतरचे पहिले तीन ते सहा महिने यासाठी सगळ्यात कामाचे असतात. ज्या दवाखान्यात दाखवताय तिथं विचार, फिजिओ चालू असेल पण स्पीचचं बहुतेक कुणी सांगितलं नसेल, आपल्याकडं हात-पाय हलले की पेशंट बरा झाला असं धरतात.

आणि हे वैनीला सांग, पण दादालाही सांग, जरा मोठ्यानं सांग. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे. बाबांना तुमची सगळी भांडणं कळत असणार. कुणाच्या मनात त्यांचा अंगठा घेऊन काही कागद करायचं असेल तर तेही त्यांना कळणार, आणि असल्या अवस्थेत डॉक्टरच्या दाखल्याशिवाय घेतलेला अंगठा उद्या कोर्टात टिकवणं दादालाच जड जाईल.

आता सही. करू नको. निदान आत्ता, या कारणासाठी तर अजिबात नको. पणजोबांपासनं चालत आलेल्या जमिनीत तुझा वाटा दादाइतकाच आहे. आपल्या कर्नाटकानं १९९४ सालीच मुलींना हा हक्क दिलेला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यानं लग्न झालेली-न झालेली हा भेदच गेला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो. म्हणजे तुझं लग्न कधी झालं, मोडलं का, पुढं कुणाशी होणार, याचा त्या चार एकरांशी काडीचा संबंध नाही. प्लॉटचं वेगळं. तो बाबांच्या कमाईचा, हयातीत ते कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र न करता गेले तर आई, दादा आणि तू, तिघांना सारखा.

हक्कसोडपत्र सब-रजिस्ट्रारकडं एकदा नोंदवलं की भावाला सोडलं ते सोडलं, मग फसवून घेतलं, जबरदस्तीनं घेतलं हे सिद्ध करत वकिलाच्या पायऱ्या झिजवत बसायचं. त्याआधी एक साधं काम कर, नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसात, जाऊन सगळ्या सर्व्हे नंबरांचे उतारे काढ. कानडीत असतात, वाचता येत नसेल तर कुणाकडनं तरी वाचून घे. नववा कॉलम मालकाचा, अकराव्यात बोजा. सोसायटीचं कर्ज किती आहे ते तिथं दिसेल. दादाची घाई कशाची आहे तेही कदाचित तिथंच दिसेल.

दादाला मी खलनायक करत नाहीये हां. तू पुण्यात होतीस तेव्हा पाऊस पडला नाही तरी आणि जास्त पडला तरी त्या जमिनीत तोच उभा होता, आणि बाबांचं अंथरूण काढणं, पुसणं आजही बहुतेक वैनीच करत असणार, तुझ्या पत्रात कोण करतं ते लिहिलेलंच नाही म्हणून विचारते. याची किंमत वाटणीत धरायला पाहिजे. कर्ज वजा कर, कसायला जमीन दादाकडं ठेव, आईच्या खर्चाचं लिहून घे, आणि समजा तुला मनापासून वाटलं की आपल्याला शेत नको तर दे की खुशाल! पण बाबा जरा सावरल्यावर, घटस्फोटाचा कागद हातात आल्यावर, चार शहाण्या माणसांसमोर दे. आत्ता तू जे देणार आहेस ती जमीन नाही, दादाच्या परवानगीची फी आहे, आणि ही फी एकदा भरून संपत नसते. पुढं प्लॉट निघेल, मग आईचे दागिने निघतील.

कानडीच्या मुद्द्यावर काय बोलू, मी पण याच भागातली. सीमाप्रश्नाचं दुःख खरं आहे, ज्यांच्या मुलांना सरकारी कागद स्वतःच्या भाषेत मिळत नाही त्यांना विचारा. पण मोटार वाइंडिंगला चालणारा माणूस सोयरिकीला चालत नाही आणि तेही नेमकं वाटणीच्या वेळेला, हे सीमाप्रश्नात बसत नाही. बेळगावच्या रविवार पेठेत एका दुकानात उभी राहा, एकाच गिऱ्हाइकाशी दुकानदार निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतो आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. आणि कायद्याचं म्हणशील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये वीरशैव, लिंगायत ही नावंच लिहिलेली आहेत, तुमच्या लग्नाला वेगळा काही कायदा शोधायला नको.

पण लग्न अजून लांब आहे. केसचं विचारलंस. व्यभिचाराचं जुनं कलम २०१८ साली सुप्रीम कोर्टानं रद्द केलं, आणि त्या कलमात तसंही बाईला शिक्षा नव्हतीच, त्यामुळं पोलीस केसची भीती काढून टाक. खरी भीती दुसरी आहे. संमतीच्या अर्जात शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतं. दादानं रागाच्या भरात पुण्याला एक फोन लावला आणि नवऱ्याचा अहंकार दुखावला तर सरळ होत आलेलं काम भांडणाच्या केसमध्ये जाऊन वर्षानुवर्षं लोळत पडेल, आणि तिथं मात्र तुझं सकाळचं फिरणं पुरावा म्हणून काढतील. म्हणून वकिलाला फोन करून दुसरी तारीख लवकर मिळते का बघ. सहा महिने थांबायची अट योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून तसा निकाल आहे. आणि हुकूम होण्याआधी देवळात हार घालणं, घरातल्या घरात मंगळसूत्र बांधणं, असलं काही करू नका. ते लग्न कायद्यानं लग्नच नाही, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

आता तो. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात मला एका वाक्याशी थांबावं लागलं. "त्यानंतर त्याचा फोन काय आला नाही", आणि पुढं "असो". अगं असो काय? तुझा भाऊ त्याच्या दारात जाऊन ओरडून आला आणि तो गप्प बसला. वय लहान होतं, घरचे असतील, भीती असेल, मी त्याला त्याबद्दल फाशी देत नाही. पण तोच भाऊ अजून आहे, जास्तच तापट झालाय, आणि उद्या पुन्हा त्याच दारात जाणार आहे. "बाकी मी बघतो" म्हणणाऱ्या माणसाला विचार, बाबा रे, त्या वेळी काय झालं होतं आणि या वेळी काय करशील? व्हॅक्सिन डेपोतल्या झाडाखाली नको विचारू, तिथं सगळेच चांगले वाटतात. त्याच्या दुकानात जाऊन विचार, गिऱ्हाईक चार शिव्या घालून गेल्यावर. आणि त्याला उत्तर देता आलं नाही, नुसताच चिडला, तर तेही उत्तरच आहे.

मुलीचं तू एका शब्दात उरकलंस. अकरा वर्षांची पोर, आई गेलेली, आजीनं सांभाळलेली, तिला तुझ्याबद्दल काय माहीत आहे? तिला आधी बापाची मैत्रीण म्हणून भेट, घरी जा, तिच्या आजीच्या हातचं जेव, कानडी मोडकंतोडकं येत असेल तर तेच बोल, हसू देत. मग स्वतःलाच विचार, हा माणूस मला दुसऱ्या गेटमुळं आवडतोय का आज जसा आहे तसा? दिवसभर आजारी माणसाचं करून थकलेल्या जिवाला कुणी नुसतं चहा घेतलास का विचारलं तरी रडू येतं. म्हणून वर्षभर हो नाही आणि नाही पण नाही.

मनात येण्याचं म्हणशील तर काही बिघडलेलं नाही. आईला मात्र एकदा जवळ घेऊन सांग की घर तू फोडत नाहीयेस. आणि वैनीशी बोल, दादाशी बोलण्याआधी. आठवड्यातला एक पूर्ण दिवस बाबांचं सगळं तुझ्याकडं घे आणि तिला माहेरी जाऊन येऊ दे, बघ मग घरातली हवा कशी बदलते ती.

प्रश्न : मावशी, मी ३१ वर्षांचा, खानापूरचा. गोव्यात हॉटेलात होतो, आईच्या ऑपरेशनसाठी आलोय. जुनी मैत्रीण आता लग्न होऊन आमच्याच गावात आहे, तिचा नवरा मिलिटरीत. रोज रात्री अकरानंतर तिचा मेसेज येतो, मी पण बोलतो, आमचं काही चुकीचं नाही पण झोप येत नाही. आईचं आता बरं आहे, बहीण बघते. गोव्याला परत जावं का इथंच काहीतरी धंदा बघावा?

उत्तर : अरे बाबा, चुकीचं काही नाही तर मग दुपारी बारा वाजता बोला की, घरातल्यांच्या देखत. नाही जमत ना? मग तुलाही कळलेलं आहे. ती एकटी आहे, तू रिकामा आहेस, आणि गाव एवढं लहान आहे की बदनामी तिच्या वाट्याला येईल, तुला फार तर दोन टोमणे. तिला एकदा सरळ सांग की रात्रीचं बोलणं बंद करतोय आणि खरंच बंद कर, तिला मधेच लटकत ठेवून गायब होऊ नको, ते जास्त वाईट.

धंद्याचा विचार तू तिच्यासाठी करतोयस, आईसाठी नाही, कारण कसला धंदा ते तू लिहिलेलंच नाहीस. गोवा काय लांब नाही, अनमोड घाट उतरला की आलंच, आईला भेटायला सुट्टीला येता येतं. उद्याच हॉटेलात फोन करून जागा अजून आहे का विचार.